आईचा रायगड, माझी जिंजी



या मालिकेत मी एरवी वेढे, मोहिमा आणि लढाया यांच्याबद्दल बोलतो. समोर नकाशा असतो, हातात छडी असते, आणि तेहेतीस वर्षं फौजेत काढल्यामुळे आवाज जरा चढाच असतो. आजही समोर नकाशा आहे, पण तो मातीचा आहे. आज मला दिवाळीतल्या किल्ल्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्या किल्ल्याच्या निमित्तानं माझ्या आईबद्दल.

आपल्या प्रेक्षकांमध्ये बरेच जण महाराष्ट्राबाहेर वाढलेले आहेत. कोणी बडोद्याचे, कोणी इंदूरचे, कोणी हैदराबादचे, कोणी थेट तंजावरचे. त्यांच्यातल्या काहींच्या घरी ही पद्धत राहिली असेल, काहींच्या घरी सुटली असेल. म्हणून थोडक्यात सांगतो. सहामाही परीक्षा संपली की मुलं अंगणात विटा, दगड आणि फुटक्या कुंड्या रचतात. त्यावर चिखलात भिजवलेलं गोणपाट पसरतात. वरून मातीचा राड लिंपतात. माती अर्धवट वाळली की चमच्यानं पायऱ्या कोरतात. बुरूज, दरवाजे, तळं, गुहा करतात. अळीव किंवा मोहरी पेरतात, म्हणजे चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. मग मातीचे मावळे जागोजागी उभे राहतात आणि माथ्यावर सिंहासनावर शिवाजी महाराज बसतात. रात्री पणत्या लागल्या की सगळ्या आळीतली माणसं किल्ला बघायला येतात.

आमची आळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात होती. आजही त्या भागाचं नाव लष्करच आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी तिथे पडली, ती उठलीच नाही आणि तिचं शहर झालं. आमचे पूर्वज त्या छावणीबरोबर आलेले. म्हणजे आमच्या घराण्याचा पत्ता मुळातच एका छावणीचा. गच्चीवर गेलं की समोर ग्वाल्हेरचा खराखुरा किल्ला दिसायचा. मी लहानपणी आईला विचारलं होतं, "समोर एवढा मोठा किल्ला असताना आपण मातीचा कशाला करतो?" आई म्हणाली, "तो बघायला आहे. हा समजायला."

आई साताऱ्याची. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी तिचं माहेर. लग्न होऊन १९५६ साली ती ग्वाल्हेरला आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हतं, आणि इथल्या मराठीत अर्धं हिंदी असायचं. ती सांगायची, की पहिल्या दिवाळीला तिनं अंगणात किल्ला मांडला तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "हे पोरांचे उद्योग सुनेनं करायचे असतात का?" त्या वर्षी घरात पोरं नव्हतीच. पण किल्ला झाला. पुढे ताई झाली, मी झालो, आणि आईला मजूर मिळाले.

मावळे ग्वाल्हेरला मिळत नसत. दर दोन-तीन वर्षांनी मामा साताऱ्याहून यायचा तेव्हा पत्र्याच्या पेटीत, पेंढ्यात गुंडाळून मातीचे मावळे आणायचा. झाशीच्या पुढे गाडी इतकी हलायची, की निम्म्यांचे हात मोडलेले असत. आई म्हणायची, "लढाईत हात तुटतातच." आणि मोडक्या हातांचे मावळे पुढच्या बुरुजावर उभे करायची.

तिचे तीन नियम होते. पहिला, पाणी आधी. स्टीलची वाटी पुरून टाकं तयार झाल्याशिवाय एकही बुरूज बांधायचा नाही. दुसरा, दरवाजा समोरून दिसता कामा नये. दोन बुरुजांच्या आड, गाईच्या मुखासारखा आत वळलेला असावा. तिसरा, एक वाट अशी हवी जी फक्त गडावरच्यांना माहीत असेल.

पुढे पुण्याच्या एका ग्रंथालयात रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र वाचलं. १७१५ च्या आसपासचा तो ग्रंथ. त्यात दुर्गांचं जे प्रकरण आहे त्यात हेच सांगितलं आहे: आधी पाणी पाहावं आणि मग गड बांधावा, झरा असला तरी त्यावर विसंबू नये, तळी-टाकी बांधून पाण्याचा साठा करावा. रायगडाचा महादरवाजा बघा, तो गोमुखी आहे. दोन प्रचंड बुरुजांच्या कुशीत तो असा लपला आहे, की तोफेला सरळ निशाणा मिळत नाही आणि हत्तीला धडकेसाठी धाव घेता येत नाही. आईनं आज्ञापत्र वाचलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. ती प्राथमिक शाळेत शिकवायची आणि वाचनालयाचं पुस्तक एका आठवड्यात परत करायची, एवढं मला ठाऊक आहे.

मी पुढे फौजेत इंजिनिअर झालो. उत्तर सीमेवर एका उंच जागी चौकीसाठी जागा निवडायची होती. तरुण कॅप्टन होतो. दिसायला उत्तम अशी एक टेकडी मी नकाशावर खूण करून ठेवली होती. दोन्ही खोरी दिसत होती, माऱ्याची रेषा मोकळी होती. रात्री तंबूत पडल्या पडल्या आईची स्टीलची वाटी आठवली. सकाळी उठून पाण्याचा हिशेब मांडला, तर खालून रोज पाणी वाहायलाच अर्धी तुकडी लागणार होती. ती जागा सोडली आणि दोनशे मीटर खालची, झऱ्याजवळची घेतली. वरिष्ठांनी कारण विचारलं तेव्हा आईचं नाव सांगायची हिंमत झाली नाही. आज सांगतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. साल १९७४.

त्या वर्षी चैत्रात वडील गेले. मी चौदा वर्षांचा होतो, ताई सतरा. वर्षभर घरात सण नाही. दिवाळीला आकाशकंदील नाही, फराळ नाही, उटणं नाही. शेजारच्या काकूंनी डबा आणून दिला तेवढाच. वसुबारसेच्या आदल्या दिवशी शाळेतून आलो तर आई अंगणात विटा रचत होती. मी बघतच राहिलो. आत्यानं दारातूनच आवाज चढवला, "वहिनी, वर्षाच्या आत हे काय?" आईनं पदर खोचलेला होता, हात चिखलात होते. ती म्हणाली, "किल्ला म्हणजे सण नाही, वन्सं. तो यांचा अभ्यास आहे."

१९७४ हे शिवराज्याभिषेकाचं त्रिशताब्दी वर्ष. १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, त्याला तीनशे वर्षं झाली होती. त्या दिवाळीला रायगड करायचा हे वडील असतानाच ठरलेलं होतं. म्हणून रायगडच झाला. पणत्या लावल्या नाहीत. सिंहासनावर महाराजही बसवले नाहीत. आई म्हणाली, "मी जो रायगड करतेय तो पंधरा वर्षं नंतरचा आहे. १६८९ चा. महाराज नाहीत. संभाजीराजेही नाहीत."

मग तिनं उरलेल्या मातीचा गोळा घेतला आणि बोटभर उंचीची एक बाई केली. डोक्यावर पदर, हात खाली. तिला रंग नव्हता, हातात तलवार नव्हती. मी विचारलं, "ही कोण?" ती म्हणाली, "येसूबाई."

मी म्हणालो, "बाजारात तर असली बाहुली मिळतच नाही."

"म्हणून तर करावी लागते," आई म्हणाली.

त्या संध्याकाळी अंधारात, बिनपणतीच्या किल्ल्याशेजारी बसून तिनं आम्हाला जे सांगितलं ते मी आज माझ्या भाषेत सांगतो. तपशील नंतर मी ताडून पाहिले आहेत.

११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबानं संभाजी महाराजांची हत्या करवली. त्याच महिन्यात इतिकादखानाच्या फौजेनं रायगडाला वेढा घातला. गडावर संभाजीराजांच्या पत्नी येसूबाई, त्यांचा सात वर्षांचा मुलगा शाहू आणि एकोणीस वर्षांचे राजाराम महाराज होते. सगळं राजकुटुंब एकाच गडावर असणं ही सेनापतीच्या दृष्टीनं सर्वांत वाईट स्थिती. एक गड पडला तर राज्यच संपलं. येसूबाईंनी निर्णय दिला, की राजारामांनी बाहेर पडावं. वारसा खरं तर त्यांच्या स्वतःच्या मुलाचा होता. पण सात वर्षांचं मूल घेऊन वेढ्यातून निसटणं आणि मग शेकडो कोसांची दौड करणं शक्य नव्हतं. ५ एप्रिलला राजाराम निघाले. येसूबाई आणि शाहू मागे राहिले.

राजाराम प्रतापगडावरून पन्हाळ्याला आणि तिथून वेष बदलून दक्षिणेला गेले. वाटेत केळदीच्या राणी चन्नम्मांनी त्यांना आश्रय दिला आणि त्यासाठी औरंगजेबाचा रोष पत्करला. तिथून बंगळूर, आंबूर, वेल्लूर करत नोव्हेंबरच्या सुमारास ते जिंजीला पोहोचले. केशव पंडितानं 'राजारामचरितम्' या संस्कृत काव्यात या प्रवासाचं वर्णन केलं आहे. जिंजी आजच्या तमिळनाडूत. शिवाजी महाराजांनी १६७७ च्या दक्षिण मोहिमेत ती घेतली, तिची तटबंदी मजबूत केली, आणि ती बारा वर्षांनी कामी आली. युद्धशास्त्रात याला खोली म्हणतात. एका ठिकाणी मार बसला तर मागे सरकायला दुसरी जागा हवी, आणि ती आधीच तयार हवी.

आता तारखा नीट बघा. राजाराम एप्रिलमध्ये निघाले आणि नोव्हेंबरमध्ये पोहोचले. रायगड पडला तोही नोव्हेंबर १६८९ मध्येच. म्हणजे राजाराम वाटेवर होते तो सगळा काळ रायगड लढत होता. मोगलांची एक मोठी फौज त्या गडाखाली अडकून पडली होती.

आपण मराठी माणसं पावनखिंडीची गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगतो, आणि सांगावीच. १६६० साली महाराज विशाळगडाला पोहोचेपर्यंत बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवली. फौजी भाषेत ती पिछाडीची लढाई. पुढचा निसटावा म्हणून मागचा थांबतो. १६८९ मध्ये रायगडावर तेच घडलं. फक्त बाजीप्रभूंची झुंज काही तासांची होती आणि येसूबाईंची आठ महिन्यांची. आणि गड पडल्यावरही ती संपली नाही. येसूबाई आणि शाहू औरंगजेबाच्या कैदेत गेले. औरंगजेब १७०७ साली मेला, त्यानंतर शाहू सुटले. येसूबाई ओलीस म्हणून मागेच राहिल्या. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले, तेव्हा १७१९ मध्ये त्या साताऱ्याला आल्या. कैदेची तीस वर्षं. अफजलखान, आग्रा, सुरत असं सगळं आम्हाला शाळेत होतं. ही तीस वर्षं आम्हाला अंगणातच कळली.

आईनं ती मातीची बाई महादरवाजाच्या आत उभी केली. मी तिचं तोंड बाहेरच्या वाटेकडे केलं, ज्या वाटेनं राजाराम गेले त्या वाटेकडे. आईनं तिला उचललं आणि उलट फिरवून ठेवलं. तोंड गडाकडे, पाठ वाटेकडे.

"गेलेल्याची वाट बघत बसली तर गड कोण सांभाळणार?" ती म्हणाली.

त्यानंतर दर दिवाळीला किल्ला कोणताही असो, ती बाई असायचीच. प्रतापगड असो, पुरंदर असो की सिंधुदुर्ग. मी म्हणायचो, "आई, येसूबाई सिंधुदुर्गावर कुठे होत्या?" ती म्हणायची, "कोणीतरी होतीच." तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडायचा आणि माती तुळशीच्या आळ्यात घालायची. ती बाईही त्याच मातीत जायची. पुढच्या वर्षी नवी व्हायची. त्यामुळे आज माझ्याकडे तिच्या हातची एकही नाही.

१९७७ साली, सतराव्या वर्षी, माझी खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत निवड झाली. ताईचं लग्न झालेलं. म्हणजे मी गेलो की आई घरात एकटी. निघायच्या दिवशी टांगा दारात आला. आईनं हातावर दही दिलं, डोक्यावरून हात फिरवला, "सांभाळून जा" म्हणाली आणि टांगा हलायच्या आधीच वळून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. बाकीच्या मुलांच्या आया स्टेशनावर रडत होत्या, रुमाल हलवत होत्या. मला फार लागलं ते. पुढे कित्येक वर्षं मी मित्रांना हसत सांगायचो, की आमच्या मातोश्री जरा कडकच.

त्या पाठमोऱ्या आईचा आणि त्या पाठमोऱ्या मातीच्या बाईचा संबंध माझ्या लक्षात यायला मला आजोबा व्हावं लागलं.

आई म्हणायची, "रायगड ही अर्धी गोष्ट आहे. उरलेली अर्धी जिंजीला." पण जिंजी तिनं कधी बांधली नाही. तिच्याकडे एका पुस्तकातला तळहाताएवढा नकाशा होता. तीन डोंगर आणि त्यांना जोडणारी तटबंदी. "न बघता कशी बांधू?" म्हणायची. "तू बघून ये, मग बांधू." आणि थोड्या वेळानं, "नाहीतर मलाच ने."

२००३ च्या मध्यावर माझी बदली चेन्नईला झाली. चेन्नईहून जिंजी दीडशे-एकशे साठ किलोमीटर. तिंडीवनमपर्यंत सरळ महामार्ग आणि तिथून उजवीकडे वळायचं. सकाळी निघून रात्री परत. आई दोनदा राहायला आली. पहिल्या खेपेला ऊन फार आहे म्हणून राहिलं. मग तपासणी होती म्हणून राहिलं. मग एका रविवारी गोल्फ होता. होय, गोल्फ. खरं तेच सांगायला बसलो आहे.

शेवटी २६ डिसेंबर २००४, रविवार, ठरला. आईनं आदल्या रात्री दशम्या आणि लसणाची चटणी करून ठेवली. सकाळी साडेसहाच्या सुमारास जमीन किंचित हलली. पलंग हलल्यासारखा वाटला, एवढंच. पूजा आटपून निघायला नऊ वाजून गेले. ती चपला घालून व्हरांड्यात उभी होती, हातात डबा होता, आणि फोन वाजला. समुद्र आत आला होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्सुनामी. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर नागपट्टिणम जिल्ह्यात सर्वांत भयानक हानी झाली. मी आमच्या माणसांबरोबर तिकडे गेलो आणि तीन आठवडे तिथेच होतो. राडारोडा उपसणं, रस्ते मोकळे करणं आणि त्याखाली जे सापडायचं ते सापडणं. त्याबद्दल मी या मालिकेत बोलणार नाही.

परत आलो तेव्हा आई ग्वाल्हेरला जायच्या तयारीत होती. मी जिंजीचा विषय काढला. ती म्हणाली, "जिंजी कुठे पळून जातेय? तीनशे वर्षं उभी आहे." काही महिन्यांनी माझी बदली झाली. मग तिचे गुडघे गेले.

कोणी विचारलं, की आईला जिंजीला का नेलं नाहीस, तर माझ्याकडे उत्तम उत्तर आहे. त्सुनामी. कोणीही पुढे काही विचारणार नाही. पण मला स्वतःला हिशेब माहीत आहे. त्या रविवारच्या आधी दीड वर्षाचे रविवार होते. ते समुद्रानं नेले नाहीत, मीच घालवले.

२०११ च्या भाद्रपदात आई गेली. पंचाहत्तर वर्षांची होती. मी पोहोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. फौजेत हे अनेकांचं होतं, मी वेगळा नाही. तेराव्यानंतर माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. पेंढ्यात मावळे होते. मोडक्या हातांचे, उडालेल्या रंगांचे. मोजले, एकेचाळीस होते. पेटी घेऊन आलो आणि पुढची बरीच वर्षं ती उघडली नाही. २०१४ साली निवृत्त झालो आणि मुलीच्या जवळ म्हणून बंगळूरला घर घेतलं. तिथल्या सोसायटीत माती फक्त कुंड्यांत.

मग आला २०२५ चा जुलै. ११ जुलैला पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोनं 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावानं बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी. हे अकरा महाराष्ट्रातले. बारावा जिंजी. फोनवर अभिनंदनाचे निरोप येत होते आणि मी त्या यादीत दोनच नावं बघत होतो. रायगड आणि जिंजी. एका गोष्टीचे दोन अर्धे भाग, पहिल्यांदाच एका कागदावर.

नात तेव्हा नऊ वर्षांची. तिनं विचारलं, "आजोबा, रडताय का?" मी म्हणालो, "नाही, गाडी काढू या."

श्रावणात आम्ही निघालो. मी, मुलगी आणि नात. मुद्दाम आंबूर-वेल्लूरच्या रस्त्यानं गेलो, कारण राजारामही त्या बाजूनंच गेले होते. आता तिथे सहा पदरी रस्ता आहे आणि दोन्ही बाजूंना बिर्याणीच्या पाट्या आहेत. वेल्लूरहून खाली उतरलं की प्रदेश बदलतो. सपाट भातखाचरं, आणि मधूनच कोणीतरी गोटे ओतून ठेवल्यासारखे डोंगर.

जिंजी बघितली आणि आईनं ती का बांधली नाही ते समजलं. अंगणात मावणारा किल्लाच नव्हे हा. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी असे तीन स्वतंत्र डोंगर, प्रत्येक स्वतःच एक किल्ला, आणि तिघांना कवेत घेणारी मैलोगणती तटबंदी. एक डोंगर पडला तरी दुसरा लढतो. राजगिरी सर्वांत उंच. माथ्याच्या अलीकडे कडा तुटलेला आहे आणि त्या घळीवरून लाकडी पूल आहे. पूल काढून घेतला की माथा जगापासून तुटला.

ज्या इतिकादखानानं रायगड घेतला, त्याला त्या विजयाबद्दल झुल्फिकारखान ही पदवी मिळाली. १६९० साली तोच माणूस जिंजीखाली येऊन बसला. सात वर्षांहून अधिक काळ बसला. त्या सात वर्षांत इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंतांनी कारभार चालवला, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी मोगली फौजांना महाराष्ट्र ते कर्नाटक असं पळवलं. १६९५ मध्ये दोड्डेरीला संताजींनी कासिमखानाची फौज कोंडून शरण आणली. बादशहाची ताकद दोन टोकांत विभागली गेली. १६९८ च्या सुरुवातीला जिंजी पडली, पण राजाराम त्याआधीच निसटले होते. फेब्रुवारीत ते विशाळगडावर पोहोचले. आणि इथेही गड पडला तेव्हा राजपरिवारातली माणसं मागेच होती. आईचं म्हणणं खरं होतं. कोणीतरी असतंच.

राजारामांनी मग राजधानी साताऱ्याला नेली. औरंगजेब तिथेही आला. १७०० च्या एप्रिलमध्ये त्यानं अजिंक्यताऱ्याच्या तटाखाली सुरुंग उडवले. एक सुरुंग असा उडाला, की तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि हल्ल्यासाठी दबा धरून बसलेली मोगलांचीच माणसं मोठ्या संख्येनं गाडली गेली. सुरुंगाचं काम मी शिकलेलो आहे, ही चूक कशी होते ते मला माहीत आहे. पण ही गोष्ट मी प्रशिक्षणात ऐकली नव्हती. त्याच किल्ल्याखाली वाढलेल्या मुलीनं मला ती चमच्यानं तट कोरताना सांगितली होती.

राजगिरीचा माथा मला चढवला नाही. म्हणजे पुलापर्यंत गेलो, आणि गुडघ्यांनी आईची आठवण करून दिली. नात आणि मुलगी वर गेल्या. मी खाली दगडावर बसलो. डब्यात दशमी आणि लसणाची चटणी होती. मुलीनं केली होती, मी सांगितलं नव्हतं. एक तुकडा पुलाच्या कडेला ठेवला. माकडानं तो लगेच नेला. आई हसली असती.

त्या दिवाळीला सोसायटीची परवानगी काढून, मागच्या कुंपणाजवळ चार फूट जागा मिळवून आम्ही जिंजी बांधली. शेजारच्या तमिळ घरातला मुलगा आणि वरच्या मजल्यावरच्या दोन बंगाली बहिणी मदतीला आल्या. तीन डोंगर झाले. आधी पाण्याची वाटी पुरली. दरवाजा आत वळवला. पत्र्याची पेटी उघडली आणि एकेचाळीस मावळे जागेवर गेले. मोडक्या हातांचे पुढच्या बुरुजावर. जागा उरली होती म्हणून पलीकडे छोटा रायगडही झाला, आणि दोन्हींच्या मध्ये रांगोळीची पांढरी वाट. मी हे सगळं सांगत होतो आणि मुलं ऐकत होती. कोणाला मराठी समजत होतं, कोणाला नाही. मग हिंदीत, मग इंग्रजीत, आणि उरलेलं हातांनी.

शेवटी नातीनं मातीचा गोळा घेतला. मी तिला आधीच सगळं सांगितलं होतं. तिनं बोटभर उंचीची बाई केली. पदर जरा जाड झाला होता, हात लहान-मोठे होते. ती रायगडाच्या दरवाजात ठेवायला वाकली आणि थांबली.

"आजोबा, हिचं तोंड कुठे करू?"

मी तिला म्हणालो, "आत. गडाकडे."

तिनं ठेवली. मग पणत्या लावल्या.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.